औषध फुकट आहे, मग अडतं कुठे?

तुमचा प्रश्न असा की तपासणी फुकट, एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं फुकट, तरी भारतात एचआयव्ही अजून का आटोक्यात येत नाही. १९८६ साली चेन्नईत पहिल्या लागणी सापडल्या. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषध मोफत मिळू लागलं आणि २०१७ पासून सीडी४ (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी निदान झालं की गोळ्या सुरू होतात. एवढं झाल्यावर उरतं ते एकच: गोळी रोज पोटात जाणं. घोडं तिथेच अडतं.

ऊसतोडीचंच बघा. दिवाळीच्या आसपास बीडकडून निघालेली जोडपी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपेपर्यंत, सांगली-कोल्हापूरकडे असतात. टीएलडी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रेविर ही तीन औषधं एकत्र असलेली रोजची एक गोळी. तिच्या बाटलीत ३० गोळ्या. महिना संपला की केंद्र गाठायचं, म्हणजे कामाचा खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापणार. म्हणून निघण्याआधीच केंद्रात सांगा. तब्येत स्थिर असेल तर जास्त महिन्यांच्या बाटल्या एकदम देता येतात. एआरटी केंद्राने दिलेलं उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक बरोबर न्या, ते दाखवून वाटेतल्या दुसऱ्या केंद्रातही गोळ्या मिळू शकतात.

दुसरी अडचण कोपीतली, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीतली. लेबल कुणी वाचू नये म्हणून गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ओततात आणि त्यांना दमट हवा लागते. त्यापेक्षा लेबल खरवडून काढा, पण बाटली तीच ठेवा, आतली ओलावा शोषणारी पुडीही फेकू नका. खुळखुळ आवाज येतो म्हणून वर कापूस मात्र दाबू नका, तो ओलावा धरतो.

आता औषधांच्या भांडणाबद्दल, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी टीएलडीबरोबर घेतली तर डोल्युटेग्रेविर नीट शोषलं जात नाही. एकतर दोन्ही जेवणाबरोबर घ्या, नाहीतर टीएलडी २ तास आधी किंवा ६ तास नंतर. गरोदर बायकांना लोह चालूच असतं, तेव्हा हे त्यांना आवर्जून सांगायला हवं. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन असेल तर डोल्युटेग्रेविर ५० मिग्रॅचा आणखी एक डोस १२ तासांनी लागतो. टीबीचे डॉक्टर वेगळे, एआरटीचे वेगळे. म्हणून दोन्हीकडे दोन्ही औषधं सांगायची.

आणि बरं वाटतंय म्हणून बंद करणारे! टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन हिपॅटायटिस बी लाही दाबून ठेवतात. तो संसर्ग अंगात असताना गोळ्या अचानक थांबल्या तर यकृत भडकू शकतं.

चुकलेली गोळी आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर नेहमीचीच घ्यावी, दोन एकदम नकोत. महिनाभर खंड पडला तरी केंद्रात जावं. बोलणी खावी लागतील या भीतीनेच बरेच जण परत फिरकत नाहीत. समुपदेशकांनीही ‘गोळ्या घेता ना?’ विचारू नये, उत्तर ‘हो’च येतं. ‘गेल्या चार दिवसांत किती राहिल्या?’ असं विचारावं आणि बाटली मागवून गोळ्या मोजाव्यात.