वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकाच बोटीवर चालतील का?

तुमची यादी अशी: तीस फुटी शिडाची बोट, तिच्यावर आधीच्या मालकाने बसवलेली रेमरीनची जुनी एसटी६० (वारा आणि खोली दाखवणारी उपकरणं), तुम्ही घेतलेला गार्मिनचा नवा चार्टप्लॉटर (सागरी नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा), आयकॉमचा व्हीएचएफ रेडिओ आणि मित्र फुकट देतोय तो फुरुनोचा रडार डोम. हे सगळं एकमेकांशी बोलेल का, असं विचारलंत.

रडार नाही. बाकीचं बोलेल, पण थोडा खर्च येईल.

नुसत्या कंपनीच्या नावावरून याचं उत्तर मिळत नाही. वायरीतून काय जायचंय ते बघा. वाऱ्याचा वेग, खोली, जागा, दिशा असे आकडे जायचे असतील तर एनएमईए २००० (बोटीवरची उपकरणं एका केबलवर जोडायची पद्धत) हा सगळ्यांनी मानलेला मार्ग आहे. रडारचं किंवा फिशफाइंडरचं चित्र मात्र त्यावरून जात नाही. तिथे वेग फक्त सेकंदाला २५० किलोबिट. चित्रासाठी प्रत्येक कंपनीचं स्वतःचं इथरनेट असतं आणि ते दुसऱ्याच्या पडद्याला कळत नाही. म्हणून तो डोम फुकट असला तरी घेऊ नका. डोलकाठीवर चढवायची मजुरी वाया जाईल.

आता एसटी६०. त्यांची तीन वायरींची जुनी सीटॉक (रेमरीनची स्वतःची जोडणी) ही एनएमईए २००० नव्हे, थेट जोडायला जाऊ नका. रेमरीनचाच सीटॉक ते सीटॉक-एनजी कन्व्हर्टर मिळतो तो घ्या. सीटॉक-एनजी म्हणजे आतून एनएमईए २०००च, फक्त प्लग वेगळा. पुढे एक अडॅप्टर केबल लागली की वारा आणि खोली गार्मिनवर दिसायला लागतात.

इथेच बऱ्याच बोटींवर घोळ होतो. कन्व्हर्टरच्या किटमध्ये दोन टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचे रोधक), गार्मिनच्या किटमध्येही दोन. दोन्ही किटं जोडून माणूस चारही लावून टाकतो, शिवाय वीज दोन ठिकाणांहून देतो. मग कधी वारा गायब, कधी खोली, आणि दोष उपकरणाला. मुख्य केबल एकच ठेवा, तिच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोनच टर्मिनेटर, आणि फ्यूज घालून वीज एकाच जागी. उपकरणाकडे जाणारी फांदी ६ मीटरपेक्षा लांब नको. वीज बंद करून मल्टीमीटर पांढऱ्या आणि निळ्या वायरीवर ठेवा. साठच्या आसपास आकडा आला तर ठीक. १२० आला तर एक टर्मिनेटर निसटलाय, ३० आला तर चारही लागलेत.

आणखी एक, खोलीची दुरुस्ती (सेन्सरपासून कीलच्या, म्हणजे बोटीखालच्या पात्याच्या, तळापर्यंतचा फरक) एसटी६०वर एकदाच भरा. तीच परत प्लॉटरवर भरली तर खोली चुकीची दिसते आणि आपल्याकडच्या खाड्यांत ओहोटीला ते महागात पडतं. दोन्ही पडद्यांवर एकक एकच ठेवा. तांडेल वावात (खोलीचं जुनं माप) बोलत असेल तर त्याला मीटरचा हिशेब आधीच समजावून द्या.

शेवटी व्हीएचएफ, आणि माझ्या मते पहिलं काम हेच करा. संकटात लाल बटण दाबल्यावर चॅनल ७०वरून तुमचा एमएमएसआय नंबर (बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक, आपल्याकडे ४१९ने सुरू होणारा) आणि तुमची जागा जाते. सेटला जीपीएस मिळत नसेल तर कोण संकटात आहे ते कळतं, कुठे आहे ते आपोआप कळत नाही. सेटमध्येच जीपीएस असेल तर प्रश्न नाही. नसेल तर प्लॉटरच्या एनएमईए ०१८३ (जुनी, साध्या वायरींची पद्धत) आउटपुटच्या दोन वायरी सेटच्या इनपुटला जोडा, वेग दोन्हीकडे ४८००. एआयएसला (जहाजांची ओळख आणि जागा कळवणारी यंत्रणा) ३८४०० लागतो, त्याचं सेटिंग इथे चालत नाही. काही नव्या प्लॉटरना ०१८३च्या वायरी नसतातच, मग मध्ये गेटवे (दोन पद्धतींमधला दुभाषी डबा) घ्यावा लागतो. जोडून झालं की व्हीएचएफच्या पडद्यावर १८ अंश उत्तर, ७२ अंश पूर्व असं काहीतरी आलंय ना बघा. मुंबई-मांडव्याच्या पट्ट्यात हेच दिसायला हवं. तपासायचं म्हणून लाल बटण मात्र दाबू नका.

प्लॉटर आणि व्हीएचएफचे नेमके मॉडेल नंबर कळवा, मागच्या बाजूचा फोटोही टाका. कुठल्या रंगाची वायर कुठे जाते ते सांगतो. तोवर गेटवे विकत घेऊ नका.