जुनाट दुखण्याच्या उपचाराला सुरुवात करताना

ताई, दुखणं 3 महिन्यांच्या वर टिकलं की ते जुनाट धरतात आणि मग नुसत्या गोळीवर भागत नाही. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक या तिघांनी एकमेकांशी बोलून बेत ठरवायला हवा. समुपदेशक सुचवला म्हणजे तुमचं दुखणं खोटं ठरवलं असं मुळीच नाही. झोपमोड आणि भीती यांनी मज्जासंस्था जास्त हळवी होते, दुखणं खरोखर वाढतं.

आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे एक डॉक्टर बेळगावात, दुसरा मिरजेत, तिसरा कोल्हापुरात, आणि एकाची गोळी दुसऱ्याला ठाऊक नाही! नावं वेगळी असली तरी दोन वेदनाशामकं एकाच जातीची निघतात. पोट आणि मूत्रपिंडं त्यात भरडली जातात. म्हणून सगळे कागद एका फाईलमध्ये ठेवा, गोळ्यांची पाकिटंही दरवेळी सोबत न्या.

सध्या एवढंच करा:

- त्रास न वाढता किती मिनिटं उभं राहता येतं, ते 3 दिवस मोजा. सरासरी 10 आली तर 8 पासून सुरू करा. वेळ झाली की बसा, कळ यायची वाट बघू नका. आठवड्याला एखादं मिनिट वाढवा.
- बरं वाटलं म्हणून एकाच दिवसात भातलावणी उरकायला जाऊ नका. पण अंथरुणही धरू नका, स्नायू आणखी दुबळे होतात.

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर मात्र त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठा.