सेन केसवर्करचं काम: बरंचसं तारखांचं, त्याहून जास्त शब्दांचं

प्रश्न थोडक्यात असा: भारतात शिक्षिका म्हणून अनुभव आहे, आता इंग्लंडमधल्या एका काउन्सिलकडून (म्हणजे स्थानिक प्रशासनाकडून) सेन केसवर्करच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय; सेन म्हणजे एसईएन, मुलांच्या विशेष शैक्षणिक गरजा. काम नेमकं काय असतं आणि शिकवण्याचा अनुभव उपयोगी पडेल का?

पडेल, पण तुम्हाला वाटतंय तिथे नाही. केसवर्कर मुलांना शिकवत नाही, तपासत नाही, बहुतेकांना भेटतही नाही. ईएचसी प्लॅन (एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन: मुलाच्या गरजा काय आणि त्यासाठी कोणती मदत द्यायची हे सांगणारा) हा कायदेशीर दस्तऐवज वेळेत आणि नीट शब्दांत तयार करणं, मग तो चालू ठेवणं, हे मुख्य काम. वर्गाचा अनुभव रिपोर्ट वाचताना कामी येतो. ‘हे तीस मुलांच्या वर्गात होणार कसं?’ हा प्रश्न तुम्हाला आपोआप पडेल.

२०१४ चा चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्ट आणि २०१५ चा कोड ऑफ प्रॅक्टिस (तो कायदा राबवण्याची सरकारी मार्गदर्शिका) आधी वाचून काढा. पालकांचा किंवा शाळेचा अर्ज आला की ६ आठवड्यांत असेसमेंट (मुलाच्या गरजांची तपासणी) करणार की नाही ते कळवायचं. कायद्याची कसोटी सौम्य आहे: मुलाला विशेष शैक्षणिक गरज आहे किंवा असू शकते, आणि त्यासाठी प्लॅन लागू शकतो. डायग्नोसिसची सक्ती नाही. ‘शाळेने आधी ६,००० पौंड खर्च केल्याचं दाखवा’ असा काउन्सिलचा अंतर्गत नियम असला, तरी ट्रायब्युनल, म्हणजे पालक जिथे अपील करतात ते न्यायाधिकरण, बघतं ते कायद्याकडे.

मग शाळा, एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट, आरोग्य, सोशल केअर यांच्याकडून सल्ला मागवायचा; त्यांना ६ आठवडे. गाडी अडते ती इथेच, कारण सायकॉलॉजिस्टचा सगळीकडे तुटवडा आहे. पण ती कायद्याने मान्य सबब नाही. पत्रं पहिल्याच दिवशी पाठवा आणि चौथ्या आठवड्यात आठवण करा, सहावा संपल्यावर नव्हे.

अंतिम प्लॅन अर्जापासून २० आठवड्यांत निघायला हवा. मसुद्यावर पालकांना किमान १५ दिवस द्यावे लागतात, मुलाला घ्याल का असं ज्या शाळेला विचारलं, तिलाही उत्तरासाठी १५ दिवस. त्यामुळे चौदाव्या-पंधराव्या आठवड्यात मसुदा हातात नसेल तर पुढचं गणित बसत नाही. मसुद्यात सेक्शन आय, म्हणजे शाळेचं नाव, रिकामा ठेवायचा. घाईत तो भरून पाठवणारे भेटतात.

आता सेक्शन एफ, म्हणजे मुलाला शिक्षणात कोणती मदत मिळणार तो भाग. सगळी भांडणं इथे होतात. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, ‘मुलाला नियमित स्पीच थेरपीचा लाभ होईल.’ हे जसंच्या तसं चिकटवलं की प्लॅन निकामी. ‘नियमित’ म्हणजे किती? ‘लाभ होईल’ म्हणजे देणार कोण? त्याऐवजी असं हवं: ‘स्पीच थेरपिस्टने आखलेला कार्यक्रम, प्रशिक्षित टीचिंग असिस्टंटकडून, आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येकी २० मिनिटं, थेरपिस्ट दर सहामाहीला तपासणार.’ आकडे मात्र मनाने घालायचे नाहीत. रिपोर्ट लिहिणाऱ्याला मेल करून विचारायचे. एफमध्ये लिहिलेलं पुरवणं काउन्सिलवर बंधनकारक आहे, बजेट नाही हे उत्तर चालत नाही. म्हणूनच वरिष्ठांकडून शब्द मोघम ठेवण्याचा दबाव येतो. अशा वेळी त्यांच्याकडून लेखी सूचना मागणं हा शहाणपणाचा मार्ग.

आणखी एक ताळा: सेक्शन बीमध्ये मुलाच्या गरजा लिहिलेल्या असतात; त्यातल्या प्रत्येक गरजेसाठीची मदत एफमध्ये सापडली पाहिजे. पेन्सिल घेऊन रेघा जोडा. एखादी गरज लोंबकळत राहिली तर पालकांचा सल्लागार ती पाच मिनिटांत शोधतो.

शाळांची उत्तरं वाचताना ‘जागा नाही’ या दोन शब्दांवर थांबू नका. पालकांनी सरकारी शाळा मागितली असेल तर ती नाकारायची कारणं ठरलेली आहेत: मुलाचं वय, क्षमता, कल किंवा गरज यांना ती शाळा योग्य नसणं, किंवा इतर मुलांच्या शिक्षणाशी वा पैशाच्या योग्य वापराशी न जुळणं. वर्ग भरलेला आहे, एवढ्याने ते सिद्ध होत नाही.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची फाइल आली तर एक काळजी घ्या. घरची भाषा वेगळी, केवळ एवढ्यावरून शिकण्यात अडचण आहे असं कायदा मानत नाही. पण त्याच कारणाने ‘इंग्रजी आलं की सुधारेल’ म्हणून खऱ्या अडचणीवर पडदाही पडतो. मूल मराठीतही मागे आहे का, हे पालकांना नेमकं विचारा.

नवीन लोक प्लॅनच्या वार्षिक आढाव्याला हलकं धरतात. बैठकीनंतर ४ आठवड्यांत निर्णय, बदल असतील तर बैठकीपासून १२ आठवड्यांत सुधारित प्लॅन. शिवाय सहावीतून सेकंडरीत जाणाऱ्यांच्या प्लॅनमध्ये नव्या शाळेचं नाव घालण्यासाठी १५ फेब्रुवारी ही तारीख पक्की, म्हणजे त्यांचे आढावे दिवाळीच्या सुमारास उरकलेले हवेत.

मुलाखतीत एखादा रिपोर्ट देऊन पत्र किंवा सेक्शन एफचा परिच्छेद लिहायला सांगू शकतात. तयारी त्याची करा. नकाराचं पत्र लिहायला दिलं तर मध्यस्थीची माहिती आणि अपिलाची मुदत (निर्णयाच्या पत्रापासून २ महिने किंवा मध्यस्थी प्रमाणपत्रापासून (मध्यस्थी झाली किंवा तिचा विचार केला याचा कागद) १ महिना, जे नंतर येईल ते) त्यात घातल्याशिवाय कागद खाली ठेवू नका.