वाचक विचारतात : बॅटरी डिकीत हलवू का?

प्रश्न : नमस्कार काका. मी २६ वर्षांचा, मुलुंडला राहतो. मडगावच्या मामांनी त्यांची सॅन स्टॉर्म मला दिली आहे. दोन सीटची, वरून उघडी, फायबर बॉडी. मामांनी ती जीव लावून सांभाळली आहे. बॅटरी इंजिनाशेजारी बसते आणि दर दीड वर्षाने जाते. मित्र म्हणतात बॅटरी डिकीत टाक, पुढचं वजन कमी होईल, वळणावर गाडी छान बसेल. वजनकाट्यावर नेली तर एकूण ७९० किलो भरली, पैकी पुढच्या चाकांवर ४८०. बॅटरी १४ किलोची आहे. करू का? आणि करायचं तर कसं?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी वजनकाट्याबद्दल शाबास. पुढची चाकं वेगळी तोलून घेण्याची अक्कल भल्याभल्यांना नसते. आता तुझेच आकडे बघ. ४८० म्हणजे एकूण वजनाच्या ६१ टक्के. बॅटरी बरोबर मागच्या चाकांच्या वर नेऊन ठेवलीस तर पुढे ४६६ राहतील, म्हणजे ५९ टक्के. दोन टक्क्यांचा फरक. शर्यतीच्या ट्रॅकवर घड्याळ लावून बसणाऱ्याला तो जाणवेल. घोडबंदर रोडला तुला जाणवणार नाही. शिवाय तुझ्या गाडीला पुढची चाकं ओढतात. ज्या चाकांनी गाडी ओढायची त्यांच्यावरचाच भार आपण उचलतोय, पावसाळ्यात तर ते आणखी नको.

तुझी गाडी फायबरची आहे, म्हणून आणखी एक गोष्ट येते. पत्र्याच्या गाडीत मायनस जवळच्या पत्र्याला ठोकला की काम झालं, पूर्ण बॉडीच परतीची तार. फायबरमधून करंट जात नाही. खाली लोखंडी चेसिस आहे, पण इतकी वर्षं समुद्राच्या हवेत राहिलेल्या चेसिसच्या जोडांवर मी सेल्फच्या १८० अँपियरचा भरवसा ठेवणार नाही. म्हणजे दोन तारा मागून पुढे आणायच्या, प्लस आणि मायनस. इंजिनाचा सेल्फ मारताना १५० ते २०० अँपियर ओढतो. मागून पुढे साडेचार मीटर धरले तर १६ एमएमच्या (म्हणजे तांब्याचा छेद १६ चौरस मिलिमीटर) तारेत एका बाजूला ०.९ व्होल्ट वाटेतच मरतो. ३५ एमएममध्ये ०.४. दोन्ही बाजू मिळून दुप्पट. म्हणून तुला ५० एमएमच घ्यावी लागेल, तेव्हा कुठे दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या जरा वर राहील. आणि ५० एमएमच्या नऊ मीटर तारेत नुसतं तांबंच ४ किलो. वर रबर, तारेच्या टोकाची थिंबल, पेटी, पट्ट्या. चौदा किलो मागे न्यायला पाच-सहा किलो नवं वजन गाडीत चढलं.

तेव्हा वजनासाठी करत असशील तर माझं सरळ उत्तर : नको करूस.

पण तुझ्या पत्रातली दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटली. बॅटरी दीड वर्षात जाते, हे खरं दुखणं आहे. लेड-अॅसिड बॅटरीचा वैरी म्हणजे उष्णता. ढोबळ हिशेब असा की तापमान कायम १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. मे महिन्यात सायन-पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी असलेली गाडी घे आणि बॉनेट उघडून बॅटरीच्या पेटीवर हात ठेवून बघ. म्हणून आधी दोन कामं कर. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा तापलेला भाग) आणि बॅटरी यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा जाड पत्रा बसव, दोन्ही बाजूंना बोटभर हवा खेळती ठेवून. आणि मल्टिमीटर लावून चार्जिंग बघ. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगला लगाम घालणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी रोज उकळतेय. अशी बॅटरी मागे नेलीस तर डिकीत उकळेल, आणि ते जास्त वाईट. उकळणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत तो ४ टक्के झाला की एका ठिणगीवर पेटतो. बॉनेटखाली वारा असतो, बंद डिकीत नसतो.

इतकं सगळं करूनही जागा नाहीच, बॅटरी मागे न्यायचीच, असं ठरलं तर ते गैर नाही. १९५९ ची पहिली मिनी घे, तिची बॅटरी डिकीतच होती, कारण आडव्या इंजिनाने पुढे जागाच ठेवली नव्हती. माझदाच्या पहिल्या एमएक्स-५ ची बॅटरी कंपनीनेच डिकीत दिली. बीएमडब्ल्यूच्या कितीतरी गाड्यांची मागेच असते, आणि काहींच्या प्लस टर्मिनलवर तर अपघात झाला की स्वतःच तुटणारा जोड असतो. त्या कंपन्यांना जे भय वाटलं ते आपण ध्यानात घ्यायला हवं. लांब तार म्हणजे गाडीभर फिरणारा जिवंत प्लस.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९१ साली मी लालबागला उस्तादांच्या हाताखाली होतो. एका गिऱ्हाइकाच्या गाडीची बॅटरी आम्ही मागे नेली. सीटमागच्या पत्र्याला भोक मी पाडलं. रविवार होता, ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं, मिळालं नाही. मी भोकाची कड कानसली नाही, तारेला काळी टेप गुंडाळली आणि ओढून घेतली. फ्यूज लावायचा असतो हे तेव्हा मला माहीतच नव्हतं. चार महिन्यांनी माहीम कॉजवेवर सीटखालून धूर आला. गिऱ्हाईक शहाणा, डॅशबोर्डमध्ये दहा नंबरचा पाना ठेवायचा, धावत मागे जाऊन त्याने टर्मिनल सोडवलं. माणूस वाचला, गाडीही वाचली. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मला ते भोक दाखवलं. पत्र्याच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढे तांब्याचे मणी चिकटले होते, तीन होते. उस्ताद एक शब्द बोलले नाहीत. ते मणी पक्कडीने काढून माझ्या तळहातावर ठेवले. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या आठवड्यात कानस आणि ग्रोमेट देतो, पाना नंतर.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून एक वीत अंतराच्या आत. २०० अँपियरचा, बोल्टने कसायचा, जाड पट्टीचा. फ्यूज पुढे सेल्फजवळ लावणारे लोक मी पाहिलेत, त्याचा उपयोग शून्य, कारण जी साडेचार मीटर तार वाचवायची ती फ्यूजच्या अलीकडे राहते. तार लोहार चाळीत घे, बारीक धाग्यांची वेल्डिंग केबल, वळते छान. तिचं रबर तेलाने आणि पेट्रोलने मऊ पडतं, म्हणून सगळ्या लांबीवर पन्हळी नळी घाल. रस्ता आतून घे, गालिच्याखालून, पेट्रोलची नळी ज्या बाजूने जाते तिच्या उलट बाजूने, सायलेन्सरपासून लांब. दर फूटभर क्लिप. थिंबल हातोडीने चेपू नकोस, हायड्रॉलिक क्रिम्पिंग, म्हणजे दाबयंत्राने चेपून देणारा तिथेच मिळेल, पंधरा मिनिटांचं काम.

बॅटरी सीलबंद एजीएम (आतलं अॅसिड गादीत शोषलेलं असतं ती) घे, वाफेची नळी असलेली, आणि ती नळी तळातून गाडीबाहेर काढ. पेटीचे बोल्ट फायबरच्या तळाला कसू नकोस. अपघातात वजनाच्या वीसपट झटका बसला तर १४ किलोची बॅटरी २८० किलोच्या जोराने सुटते, फायबर तिला धरणार नाही. खाली चेसिसच्या पट्टीपर्यंत ८ एमएमचे बोल्ट न्यायचे, मध्ये लोखंडी प्लेट. बंजीची दोरी तर नकोच.

आणि स्टेपनीच्या खड्ड्यात ठेवू नकोस, कितीही सोयीची जागा वाटली तरी. मुंबईत त्या खड्ड्यात पाणी साचतं, डिकीचं रबर कितीही चांगलं असलं तरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या दुकानात डिकीत बॅटरी असलेल्या दोन गाड्या आल्या. दोन्हींचा मायनसचा क्लॅम्प धड होता. प्लसचा पितळी क्लॅम्प हिरवा पडून निम्मा विरघळला होता. गढूळ पाण्यात करंट चालू राहिला की प्लसची बाजू खाल्ली जाते. तळापासून चार बोटं वर चौकट बांध, आणि खड्ड्याची रबरी बुचं दर जूनला काढून साफ कर.

बॉनेटखाली प्लसचा एक झाकलेला बोल्ट ठेव, म्हणजे हिंदमाताला पाण्यात अडकलास तर डिकी न उघडता दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप लावता येईल.

आरसीवर बॅटरीची जागा लिहिलेली नसते. तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. म्हणून विमा कंपनीला फोटोसकट लेखी कळव आणि पोच घे.

काम झालं की मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर ठेव आणि मित्राला सेल्फ मारायला सांग. मग तसंच मायनस आणि इंजिनाच्या ब्लॉकमध्ये. दोन्ही रीडिंग ०.४ च्या आत यायला हवीत. जास्त आलं तर तारेला दोष देऊ नकोस, थिंबल तपास. रीडिंग मला कळव.

प्रश्न : आमची सीएनजी गाडी डोंबिवलीला सोसायटीत उघड्यावर असते. आठवड्यातून एकदाच निघते. बॅटरी सारखी उतरते. वरचं उत्तर लागू पडेल का? डिकीत सिलिंडरशेजारी जागा आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही ताई, अजिबात नको. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारच्या दाबाने भरलेला असतो. वॉल्व्ह थोडा जरी झिरपला तरी बंद डिकीत गॅस साचतो आणि ढिल्या टर्मिनलची एक ठिणगी पुरते. बॅटरी आहे तिथेच राहू द्या. सगळं बंद करून अर्ध्या तासाने मायनसच्या वाटेत मीटर लावून घ्या, ५० मिलिअँपियरच्या वर ओढत असेल तर बहुतेक वेळा म्युझिक सिस्टीम किंवा रिमोट लॉकची वायर चुकीची जोडलेली असते. तसं काही नसेल तर आठवड्यातून दोनदा तासभर गाडी चालवा, नुसती जागेवर सुरू करून बंद करू नका. आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, सिलिंडरच्या प्लेटवर तारीख कोरलेली असते, ती आजच बघा.