जुनी बंधनं सैल होतायत, मग उद्या मुलांवरचे अत्याचारही समाज चालवून घेईल का?

नाही. आतापर्यंतची वाटचाल तर नेमकी उलटी आहे.

घटस्फोट, समलैंगिक नातं यांना नावं ठेवणं कमी झालं, कारण तिथे प्रौढ माणसं आपल्या मर्जीने निर्णय घेतात आणि त्यात तिसऱ्याचं काही बिघडत नाही. मुलांच्या बाबतीत ही अटच पुरी होत नाही. आठ वर्षांचं मूल मोठ्या माणसाला 'हो' म्हणतं तेव्हा त्यामागे भीती असते, विश्वास असतो, कधी खाऊची आशा असते. त्याला संमती म्हणताच येत नाही.

उलट पूर्वी जे सर्रास खपायचं ते आता खपत नाही: बालविवाह, कारखान्यातली मजुरी, वळ उठेपर्यंत छडी. स्वीडनने १९७९ साली आईवडिलांनी मुलांवर हात उगारण्यालाही कायद्याने बंदी केली. असं करणारा तो पहिला देश. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आला.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतला, कधी घरातलाच असतो आणि अब्रूच्या नावाखाली मुलालाच गप्प केलं जातं. बोलण्यावरचं हे बंधन अजून पुरतं सुटलेलं नाही, आणि ते सुटायलाच हवं. एखाद्या काकांकडे जायला मूल अचानक नकार देऊ लागलं, तर 'लाडावलंय' म्हणून ओरडू नका. जवळ घेऊन शांतपणे विचारा, आणि ते जे सांगेल त्यावर आधी विश्वास ठेवा.