क्रूझवर इस्त्री का नेऊ देत नाहीत, आणि मग कपड्यांचं करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की मुलाने मियामीहून सात रात्रींची क्रूझ बुक केली आहे, सोबत तुमच्या 74 वर्षांच्या आई आहेत. बॅगेत छोटी प्रवासी इस्त्री, चहासाठी विजेची किटली आणि सगळ्यांचे मोबाइल चार्ज करायला एक्स्टेंशन बोर्ड घ्यायचा विचार आहे. कंपनीच्या यादीत तिन्हींना मनाई दिसतेय, आणि तुमचं म्हणणं असं की हॉटेलच्या खोलीत तर इस्त्री आधीच ठेवलेली असते, मग जहाजावर एवढं काय बिघडतं?

मी वेंगुर्ल्याचा. अकरा वर्षं क्रूझ जहाजांच्या लॉन्ड्रीत काढली, त्यातली शेवटची तीन असिस्टंट लॉन्ड्री मास्टर म्हणून. तेव्हा आधी उत्तर देतो, मग कारण सांगतो. तिन्ही वस्तू घरी ठेवा. कोणाच्या तरी ओळखीच्या माणसाने नेली होती आणि कोणी विचारलं नाही, हे ऐकून तर मुळीच नेऊ नका.

हॉटेलात आग लागली तर माणसं जिन्याने खाली रस्त्यावर येतात आणि दहा-पंधरा मिनिटांत बंब येतो. जहाजावर खाली पाणी आहे आणि बंब म्हणजे आम्हीच. हे खरोखर असंच असतं. जहाजावर चढायच्या आधी वेटर असो, न्हावी असो की माझ्यासारखा कपडे धुणारा, प्रत्येकाला बेसिक सेफ्टी ट्रेनिंग करावं लागतं. त्यात आग विझवण्याचा कोर्स असतो. तिथे मला पाठीवर हवेची टाकी बांधून धुराने भरलेल्या खोलीत सोडलं होतं. स्वतःचा हात दिसत नव्हता. भिंतीला हाताची मागची बाजू लावत लावत पुढे सरकायचं, कारण तळहात भाजला तर पुढे काहीच धरता येत नाही. दुपारी जो मुलगा तुम्हाला हसून सूप वाढतो, तोच रात्री अलार्म झाला तर पाइप घेऊन धुरात शिरणार असतो. तुमच्या केबिनमधल्या इस्त्रीचा विचार मी नेहमी त्या मुलाच्या बाजूने करतो.

जहाजाची रचनाही आग अडवण्यासाठीच केलेली असते. सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यानुसार प्रवासी जहाज उभ्या पोलादी भिंतींनी भागाभागांत तोडलेलं असतं आणि मोक्याच्या भिंती आग तासभर थोपवतील अशा बांधतात. 36 पेक्षा जास्त प्रवासी असतील तर दिवसरात्र फायर पेट्रोल फिरायला हवं, हाही त्यातलाच नियम. रात्री कॉरिडॉरमधून एक माणूस नाकाने वास घेत चालत जाताना दिसला तर तो आमचाच समजा. पण भिंती आग पुढे जाऊ देत नाहीत, लागू नये यासाठी त्यांचा उपयोग नाही. आणि केबिन म्हणजे काय, तर गादी, पडदे, गालिचा, उशा आणि तुमच्या उघड्या बॅगा, एवढ्याशा जागेत ठासून भरलेलं कापड. इस्त्रीचं टेबल नसतंच. मग माणूस पलंगावर टॉवेल अंथरतो आणि त्यावर इस्त्री फिरवतो.

हे मला कसं माहीत? त्या चादरी आणि टॉवेल शेवटी आमच्याकडेच येतात. वर टोकदार, खाली रुंद, कडेला गडद आणि मध्ये फिकट असा तपकिरी डाग. गंजाचा किंवा चहाचा डाग असा नसतो. एकदा एका चादरीवर तो डाग इतका खोल होता की बोट लावलं तर कापडाचा भुगा हाताला आला. म्हणजे इस्त्री ठेवून कोणीतरी बाथरूममध्ये गेलं असेल, फोन घ्यायला उठलं असेल, किंवा डिनरची घोषणा ऐकून दार ओढून निघून गेलं असेल. मी ती चादर घडी न घालता तशीच मास्टरच्या, म्हणजे आमच्या लॉन्ड्रीच्या प्रमुखाच्या, टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी सिक्युरिटीला फोन केला, केबिन शोधून काढली, इस्त्री सापडली. माणसं सज्जन होती, फार ओशाळली. त्यांना खरंच वाटलं होतं की दोन मिनिटांचं काम आहे.

आता तुम्ही मियामीहून निघणार म्हणून सांगतो. 20 जुलै 1998 ला कार्निव्हल कंपनीचं एक्स्टसी हे जहाज मियामी बंदरातून की वेस्टकडे निघालं. अडीच हजारांहून जास्त प्रवासी होते आणि नऊशेच्या वर कर्मचारी. संध्याकाळी पाचनंतर, जहाज बंदरातून बाहेर पडत असतानाच, मुख्य लॉन्ड्रीत आग लागली. तिथे चादरी इस्त्री करायचं मोठं रोलरचं मशीन असतं, आम्ही त्याला मँगल म्हणतो. ते बिघडलं होतं आणि परवानगी न घेता त्यावर वेल्डिंग चाललं होतं. ठिणगी लिंटला लागली. लिंट म्हणजे कपडे वाळताना झडणारी बारीक लव. हातात घेतली तर कापसाहून हलकी, आणि पेटायला अगदी तयार. ती हवेच्या डक्टमध्ये साचलेली होती. आग डक्टच्या वाटेने जहाजाच्या मागच्या डेकवर पोचली, तिथे जहाज बांधायचे जाडजूड दोर ठेवलेले होते, ते पेटले. जहाजाची गती आणि सुकाणू दोन्ही गेलं. टग बोटी मदतीला आल्या. कोणी दगावलं नाही, पण बावीस जण किरकोळ जखमी झाले आणि नुकसान एक कोटी सत्तर लाख डॉलरच्या वर गेलं. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने विनापरवाना वेल्डिंगइतकाच दोष डक्ट साफ न ठेवण्याला दिला.

मी कामाला लागलो तेव्हा ही गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवली. आमच्याकडे ड्रायरच्या खालचा लिंटचा कप्पा दर दोन तासांनी उघडायचा, जाळीवरून हात फिरवून लव गोळा करायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात वेळ टाकून सही करायची. पहाटे चारलाही. सही आधी करून काम नंतर, असं करणाऱ्याला आमचे मास्टर सरळ रात्रपाळीवरून काढत. ते गोव्याचे होते, काणकोणकडचे, आणि मला त्यांची एकच रात्र इथे सांगावीशी वाटते.

स्पामधून मसाजचे टॉवेल येतात, त्यांना तेल लागलेलं असतं. धुतलं तरी थोडं तेल धाग्यात राहतंच. असे टॉवेल ड्रायरमधून गरम काढून लगेच घडी घालून एकावर एक रचले की आतली उष्णता बाहेर पडत नाही, तेलाची हवेशी रासायनिक क्रिया चालू होते, त्याने आणखी उष्णता वाढते, आणि कुठलीही ठिणगी नसताना ढीग आतून धुमसू लागतो. हे मला कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. त्या रात्री ढीग घालून मी दुसऱ्या कामाला लागलो होतो, तासाभराने मास्टर आले आणि म्हणाले, "हात घालून पळे, मागीर सांग." म्हणजे हात घालून बघ, मग सांग. मी मधल्या थरात हात घातला. वरचा टॉवेल थंड होता आणि आतला असा, की हात झटकन बाहेर आला. नुसती ऊब नव्हती, तापलेल्या तव्याजवळ हात नेल्यासारखं होतं. आम्ही दोघांनी तो ढीग जमिनीवर पसरला, एकेक टॉवेल सुटा केला. तेव्हापासून ड्रायरचं थंड करण्याचं शेवटचं चक्र पूर्ण झाल्याशिवाय मी कधी दार उघडलं नाही, घरीसुद्धा. तुमच्याकडे ड्रायर असेल आणि आईच्या तेल लावलेल्या केसांचे टॉवेल त्यात जात असतील, तर तुम्हीही हे लक्षात ठेवा.

आता एक्स्टेंशन बोर्ड. हा सगळ्यांना उगाच छळ वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या घरी दोन तारांपैकी एक फेज आणि एक न्यूट्रल असते, न्यूट्रल जमिनीला जोडलेली. पुष्कळ जहाजांवर तशी न्यूट्रल नसते. दोन्ही तारांत जहाजाच्या पोलादाच्या तुलनेत विजेचा दाब असतो. काही बोर्डांत सर्ज प्रोटेक्टर असतो, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा भाग. घरगुती सर्ज प्रोटेक्टर बिघाड झाल्यावर एकच तार तोडतो. जहाजावर दुसरी तार जिवंतच राहते, बटण बंद दिसतं, आणि आतला भाग तापत जातो. अमेरिकन कोस्ट गार्डने 2013 मध्ये यावर खास इशारा काढला होता. म्हणून सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड कुठेच चालत नाही. साधा बोर्ड काही कंपन्या चालवून घेतात, पण रॉयल कॅरिबियनने 2024 पासून एक्स्टेंशन आणि मल्टिप्लग दोन्ही बंद केले. चार मोबाइलसाठी चार-पाच तोंडांचा यूएसबी चार्जर न्या, वायर नसलेला, सरळ भिंतीत बसणारा. केबिनमध्ये बहुधा अमेरिकन पद्धतीचे 110 व्होल्टचे सॉकेट असतात, तेव्हा पिना बदलणारा अडॅप्टरही लागेल. आईंना झोपताना श्वासाचं मशीन लागत असेल तर ते न्यायला हरकत नसते; त्यासाठी लागणारी लांब वायर जहाजच देतं, फक्त बुकिंगनंतर लगेच कळवून ठेवा, चढल्यावर नको.

किटलीबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. बुफेवर दिवसभर गरम पाणी मिळतं आणि रूम सर्व्हिसला सांगितलं तर केबिनमध्ये येतं. चहाची पावडर आणि सुंठ मात्र घेऊन जा, तिथला चहा आईंना आवडायचा नाही. पाण्यात बुडवायची कॉइल आपली माणसं किटलीच्या ऐवजी नेतात, ती किटलीपेक्षा वाईट. आणि उदबत्ती, निरांजन, कापूर यांतलं काहीही पेटवता येत नाही. हे आईंना आधीच सांगा, तिथे गेल्यावर कळलं तर वाईट वाटतं. बॅटरीवरची छोटी पणती घेऊन दिलीत तरी काही कंपन्या चालवून घेतात, पण एकदा विचारून घ्या. केस वाळवायचं ड्रायर केबिनमध्ये असतंच.

बॅगा चढताना एक्स-रेमधून जातात. इस्त्री दिसली की बॅग केबिनवर न येता सिक्युरिटीच्या खोलीत जाऊन बसते. एकदा एका मराठी काकूंना इंग्रजी येत नव्हतं म्हणून मला दुभाष्या म्हणून बोलावलं. काकू माझा हात धरून म्हणाल्या, "अरे बाळा, माझ्या लग्नातली नाही काही ती, ठेव तुझ्याकडे. पण माझी बॅग दे, त्यात गोळ्या आहेत." दोन तास त्या गोळ्यांसाठी ताटकळल्या होत्या. म्हणून आईंची औषधं चढताना हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत अजिबात नको. काढून घेतलेली वस्तू बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी परत मिळते, पण ते धरून चालू नका.

धुतलेले कपडे वाळवायचे तर बाथरूममध्ये, शॉवरजवळ ओढून काढायची बारीक दोरी असते तिच्यावर. दिव्यावर किंवा लॅम्पशेडवर मोजे टाकू नका. बाल्कनीत तर काहीच वाळत घालू नका, कारण वारा ते कपडे खालच्या डेकवर कुठे नेऊन टाकेल सांगता येत नाही. 23 मार्च 2006 ला पहाटे तीनच्या सुमारास जमैकाकडे जाणाऱ्या स्टार प्रिन्सेस या जहाजाच्या एका बाल्कनीत आग लागली, बहुधा कोणीतरी टाकलेल्या सिगारेटच्या थोटकाने. बाल्कन्यांमधले प्लॅस्टिकचे पडदे आणि खुर्च्या पेटत आग वरच्या डेकांवर चढत गेली. एक प्रवासी धुराने गेला. त्यानंतर सोलासमध्ये बाल्कन्यांसाठी वेगळे नियम आले, ते 1 जुलै 2008 पासून लागू आहेत.

प्रिन्सेस आणि डिस्नीच्या जहाजांवर प्रवाशांनी स्वतः कपडे धुवायच्या खोल्या असतात, तिथे इस्त्रीही असते. रॉयल कॅरिबियन, सेलेब्रिटी, नॉर्वेजियन यांच्याकडे बहुधा तशी खोली नसते. तुमची कंपनी कोणती ते लिहिलेलं नाही, म्हणून मुलाला एकदा बघायला सांगा. अशा खोलीत इस्त्री करताना ती बंद केल्यावरही पाच मिनिटं तिथेच उभे राहा आणि लिंटची जाळी तुमच्या आधीच्या माणसाने साफ केली असेल असं समजू नका.

खोली नसेल तर केबिनमधली लॉन्ड्रीची पिशवी वापरा. मधल्या दिवसांत ठरावीक रकमेत पिशवीभर कपडे धुऊन देण्याची सवलत बहुधा निघते, पण ते कपडे आम्ही गरम ड्रायरमधून काढतो आणि इस्त्री न करता घडी घालतो. रेशीम, लोकर, जरीचं काही त्यात टाकू नका.

आईंच्या साड्यांचं सांगतो, कारण यादीत साडी हा शब्दच नसतो. सिंथेटिक किंवा मऊ कॉटनच्या साड्या घ्या, घडी न घालता टॉवेलभोवती गुंडाळून बॅगेत ठेवा आणि पोचल्यावर पहिल्याच रात्री अंघोळीनंतर वाफ असलेल्या बाथरूममध्ये टांगा. डिनरसाठी एखादी कडक इस्त्रीची हवीच असेल तर पहिल्या दिवशी दुपारीच 'फक्त प्रेस' अशी खूण करून द्या आणि केबिन आवरणाऱ्या मुलाला ती उलगडून, साडेपाच मीटर लांब आहे हे हाताने दाखवा. नाहीतर खाली ती टेबलक्लॉथ समजून मँगलमध्ये घातली जाते. आमच्याकडे एकदा गेली होती; पैठणी नव्हती म्हणून निभावलं.