बाहेरून टर्बो बसवलेल्या गाडीला कंपनीचेच सर्व्हिस वेळापत्रक चालेल का?

आपल्या पेट्रोल गाडीला बाहेरून टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) बसवून घेतल्यानंतरही पुस्तिकेप्रमाणे दर 10,000 किलोमीटरलाच सर्व्हिसिंग करावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की नाही, कारण ती पुस्तिका टर्बो नसलेल्या इंजिनासाठी लिहिलेली आहे.

सर्वाधिक काळजी ऑइलची घ्या. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोमध्ये तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. शिवाय तेच ऑइल तिथली उष्णताही वाहून नेत असल्याने त्याचे आयुष्य घटते. मी पूर्ण सिंथेटिक ऑइल वापरतो आणि ते फिल्टरसह 5,000 किलोमीटरला बदलतो. हिंजवडीच्या वाहतुकीत गाडी रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत असेल, तर किलोमीटर भरले नाहीत तरी सहा महिन्यांनी ते बदलाच, कारण तिथे इंजिन चालते पण आकडा सरकत नाही. ऑइल बदलल्यावर इंधनपंपाचा फ्यूज काढून, इंजिन सुरू होऊ न देता, स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर एकदम भार येत नाही.

निळा धूर दिसला की टर्बो गेला असे अनेक मेकॅनिक लगेच सांगतात. त्याआधी टर्बोतून संपकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीकडे, ऑइल परत नेणारी नळी पाहा. ऑइल तिच्यातून केवळ उताराने खाली येते, त्यामुळे ती कुठे दबली किंवा वर वळली असेल तर ते टर्बोत तुंबते आणि सीलमधून बाहेर पडते. कस्टम कामात हा दोष बराच आढळतो.

स्पार्क प्लग मूळ प्लगपेक्षा एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे, असावेत आणि बूस्टच्या, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या, दाबाखाली ठिणगी विझू नये म्हणून प्लगच्या टोकांमधला गॅप कमी, साधारण 0.7 मिलिमीटर, ठेवावा. नेमका आकडा ट्यूनरकडून, म्हणजे इंजिनाची इंधन-ठिणगीची जुळणी करणाऱ्याकडून, घ्या. काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चकाकते ठिपके दिसले, तर ते नॉकिंगचे (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकण्याचे) लक्षण समजून ट्यूनिंग तपासून होईपर्यंत बूस्ट वाढेल असे गाडी चालवणे टाळा. नळ्यांच्या क्लिपा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट उष्णतेने सैल होतात, तेही प्रत्येक वेळी पाहावेत.

साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ संपताच थांबायचे असेल, तर इंजिन एक-दोन मिनिटे संथ चालू ठेवून मगच बंद करा, नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल जळून त्याचा कोळसा बेअरिंगपाशी साचतो.